क्यूबेक विरुद्ध सेंट कॅथरिन्स, १९७१: पाच मॅचनंतर सिरीज का थांबली

मे १९७१. कॅनडातल्या ज्युनियर आइस हॉकीची नॅशनल चॅम्पियनशिप, म्हणजे मेमोरियल कप, आणि त्याची ईस्टर्न फायनल. सात मॅचची सिरीज, जो आधी चार जिंकेल तो पुढे. पाच मॅच झाल्या, क्यूबेक रेम्पार ३, सेंट कॅथरिन्स ब्लॅक हॉक्स २. सहावी मॅच क्यूबेक शहरात व्हायची होती आणि ती झालीच नाही. सेंट कॅथरिन्सच्या पोरांच्या आईबापांनी सांगून टाकलं की आमची मुलं परत त्या शहरात जाणार नाहीत. बास, सिरीज तिथंच संपली. क्यूबेकला पुढं चाल मिळाली, त्यांनी एडमंटनच्या टीमला हरवून कप उचलला, आणि सहावी मॅच झाली असती तर काय झालं असतं हा वाद त्या खेळाच्या लोकांत तेव्हापासून आहे तो आहेच.

हे आत्ता काढायचं कारण म्हणजे आपल्या मंडळात चाललेली चर्चा. ज्युनियर कबड्डीच्या स्पर्धेला सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या कागवाड, अथणी, चिकोडी साईडच्या टीम बोलवायच्या का नाही, बोलवल्या तर सगळ्या मॅच सांगलीतच घ्यायच्या का, आणि तिकडच्या पालकांनी 'आमच्या पोरांची हमी कोण देणार' म्हणून विचारलं तर काय सांगायचं, यावर सरळसरळ दोन तट पडलेत. एक म्हणतोय खेळ आहे, एवढं काय मनावर घ्यायचं, बोलवा सगळ्यांना, बघून घेऊ. दुसरा म्हणतोय नकोच ती भानगड, आपल्या तालुक्यातल्याच टीम घ्या. मला दोन्ही पटत नाही. बोलवायचंच, पण 'बघून घेऊ' म्हणून नाही. १९७१ च्या त्या सिरीजमध्ये जे जे बिघडलं ते सगळं आपल्या मैदानावर बिघडू शकतं, आणि त्यातलं बरंचसं आधी कागदावर लिहून ठेवलं असतं तर टळलं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

खेळाचं थोडक्यात. बर्फावर एका टीमचे सहा जण, त्यातला एक गोलकीपर, वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड, आणि बॉलच्या जागी पक, म्हणजे कडक रबराची चकती, दीडशे ग्रॅमच्या थोडी वर. फाउल केला की दोन मिनिटं बाहेर बाकावर बसायचं. मारामारी केली की पाच मिनिटं. आपल्याला हे जरा विचित्र वाटेल पण त्या खेळात ठोसेबाजी केली म्हणून लगेच घरी पाठवायची पद्धत नव्हती, पाच मिनिटं बसून पोरगं परत यायचं. म्हणजे रिंकमध्ये, त्या बर्फाच्या मैदानावर, थोडा राडा होणार हे सगळ्यांनी आधीच धरलेलं असायचं, आणि एकदा ते धरलं की राडा नेमका कुठं थांबवायचा हे कुणीच ठरवत नाही, ही अडचण.

मेमोरियल कप १९१९ पासूनचा, पहिल्या महायुद्धात मेलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या आठवणीत सुरू केलेला. कितीतरी वर्षं त्याची रचना साधी होती, पूर्वेकडचा विजेता विरुद्ध पश्चिमेकडचा विजेता, आणि त्याआधी दोन्हीकडे आपापल्या सिरीज. क्यूबेक प्रांतात १९६९ मध्ये नवीन मेजर ज्युनियर लीग चालू झाली होती. त्याआधी आणि त्याच सुमाराला मॉन्ट्रियलच्या टीमने कप जिंकला होता, १९६९ ला पण आणि १९७० ला पण, पण ती टीम खेळायची शेजारच्या ओंटारिओ प्रांताच्या लीगमध्ये. क्यूबेकच्या स्वतःच्या लीगमधून अजून एकही टीम कप जिंकलेली नव्हती. रेम्पारकडून शहराची अपेक्षा काय असेल याचा अंदाज करा.

आता दोन पोरं. एकाचं नाव गी लाफ्लर, रेम्पारचा. त्या सिझनला त्याने ६२ मॅचमध्ये १३० गोल केले होते, असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास, धरून २०९ पॉइंट. दुसरा मार्सेल डियॉन, सेंट कॅथरिन्सचा, ओंटारिओच्या लीगमध्ये लागोपाठ दोन वर्षं पॉइंटमध्ये एक नंबर. दोघं एकोणीस वर्षांचे, वयात दीड महिन्याचं अंतर. जूनमध्ये एनएचएलच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या प्रोफेशनल लीगच्या, ड्राफ्टमध्ये (टीम नवीन पोरं एकेक करून निवडतात तो) लाफ्लर पहिला गेला मॉन्ट्रियलला आणि डियॉन दुसरा, डेट्रॉइटला. म्हणजे देशातली दोन सगळ्यात भारी पोरं समोरासमोर होती, नुसत्या खेळावर ती सिरीज लोकांच्या लक्षात राहायला पाहिजे होती.

पण इथं एक गाठ आहे. क्यूबेक हा फ्रेंच बोलणारा प्रांत, ओंटारिओ इंग्रजी, आणि डियॉन मूळचा क्यूबेकचाच. ड्रमंडव्हिलचा, घरची भाषा फ्रेंच. चांगल्या लीगमध्ये खेळायला मिळावं म्हणून तो ओंटारिओला गेला, आणि दुसऱ्या प्रांतातून खेळायचं तर रहिवासाची अट होती, त्यासाठी आईने सेंट कॅथरिन्सला बिऱ्हाड केलं. आपल्याकडे बोनाफाईड आणि आधारच्या पत्त्यासाठी पालक काय काय करतात ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे मला त्या माऊलीचं काही नवल वाटत नाही. पोरगं भारी खेळतंय, त्याला वरच्या दर्जाचा खेळ मिळावा, एवढाच विषय. पण क्यूबेकच्या प्रेक्षकाला दिसत होतं ते वेगळंच: आपल्यातला गडी, आपली भाषा बोलणारा, इंग्रजीवाल्यांच्या टीमकडून आपल्याविरुद्ध खेळतोय. गद्दार. एकोणीस वर्षांच्या पोराला हा शब्द लागला.

आणि तो काळ कसला होता ते धरल्याशिवाय हे कळत नाही. ऑक्टोबर १९७० मध्ये, म्हणजे सिरीजच्या जेमतेम सात महिने आधी, क्यूबेक स्वतंत्र करायचं म्हणणाऱ्या एफएलक्यू या गटाने ब्रिटिश अधिकारी जेम्स क्रॉसला पळवलं, पाच दिवसांनी क्यूबेकचे मंत्री पिएर लापोर्त यांना पळवलं, सरकारने वॉर मेझर्स ॲक्ट लावला, रस्त्यावर मिलिटरी आली, वॉरंट न दाखवता चारशेच्या वर लोक आत घातले, आणि लापोर्त यांचा मृतदेह गाडीच्या डिकीत सापडला. हे सगळं एका महिन्यात. फ्रेंच-इंग्रजी हा तिथं आधीपासूनच दुखरा विषय, १९५५ ला मॉन्ट्रियलमध्ये मॉरिस रिशार या फ्रेंच खेळाडूवर बंदी घातली म्हणून दंगल झालेली. म्हणजे हॉकी आणि भाषा वेगळी ठेवता येत नाही हे सोळा वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी बघितलेलं होतं. असं असताना मे १९७१ ला क्यूबेक शहर विरुद्ध ओंटारिओचं इंग्रजी गाव अशी सिरीज नेहमीच्याच पद्धतीने, एकदा इकडे एकदा तिकडे अशी खेळवायला घेतली.

सिरीज सुरुवातीपासून तापत गेली. रिंकमध्ये पोरांची हाणामारी, पेनल्टी वाढत चाललेल्या, दोन्ही बाजूंची तोंडं सुटलेली. रेम्पार ३-१ ने पुढं गेली तोपर्यंत क्यूबेकच्या कोलिझेमध्ये, जिथं दहा हजारांच्या आसपास माणूस बसतं, तिथं प्रेक्षकांनी अंडी, टोमॅटो, बटाटे, लोखंडी बोल्ट, गोल्फचे बॉल असलं काय काय बर्फावर फेकलेलं होतं. गोल्फचा बॉल घरून खिशात घालून आणावा लागतो. बोल्ट पण. म्हणजे रागाच्या भरात हातात येईल ते फेकलं असं नाही, ठरवून आणलेलं होतं आणि दारावर कुणी तपासलं नाही. मॅच संपल्यावर बाहेर टीमच्या बसला गराडा पडला, बसवर बाटल्या, बटाट्यांचा मारा, आत सोळा ते वीस वयाची पोरं सीटच्या खाली डोकी घालून बसलेली, आणि पोलिसांच्या बंदोबस्तात बस शहराबाहेर काढावी लागली.

पाचवी मॅच ओंटारिओतल्याच टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्स या रिंकमध्ये घेतली, ती सेंट कॅथरिन्स जिंकली. सिरीज ३-२ झाली. म्हणजे त्यांना अजून संधी होती, दोन मॅच सलग जिंकल्या की पुढे. आणि मग सहाव्यासाठी क्यूबेकला परत जायची वेळ आली. सेंट कॅथरिन्स हे नायगाराच्या धबधब्याजवळचं गाव, तिथून क्यूबेक शहर नऊशे किलोमीटरच्या आसपास, सांगलीहून नागपूर जेवढं पडतं त्याहून लांब. त्यात एफएलक्यूच्या नावाने धमक्या आल्याचं बोललं जात होतं. त्या धमक्या खऱ्या किती हा प्रश्न पालकांसाठी गौण होता. एक मंत्री डिकीत मरून पडलेला सगळ्या देशाने बघितला होता, त्यानंतर फोनवरची धमकी खोटी असेल असं समजून पोरगं बसमध्ये कोण बसवेल? त्यांनी नाही म्हटलं.

यावर आपल्या पंचांपुढे मी हे प्रकरण एकदा सांगितलं होतं, तेव्हा आमच्यातले सगळ्यात जुने पंच, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते एकदम म्हणाले, "न खेळता गेले म्हणजे हरले. रेकॉर्डला तसंच लागणार." नियमाने बघितलं तर अण्णांचं बरोबर आहे. टीम मैदानात आली नाही तर समोरच्याला बाय मिळतो, तिथं पंच काही करू शकत नाही. पण मी त्यांना विचारलं, "अण्णा, तुमचा नातू असता त्या बसमध्ये तर?" अण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "नातू असता तर मी बसला हातच लावू दिला नसता." मग म्हणाले, "पण मग ते काम आयोजकाचं, पालकाचं नव्हं." बरोबर इथंच मला यायचं होतं.

माझं म्हणणं असं की या प्रकरणात पालकांचा निर्णय हा शेवटचा निर्णय होता, त्याच्या आधी घ्यायचे चार-पाच निर्णय कुणीच घेतले नव्हते. सामना कुठं घ्यायचा हे तापल्यावर बघायचं ठरवलं. पाचवी टोरांटोला नेली म्हणजे वेगळ्या जागी खेळवता येतंय हे त्यांना समजलेलं होतं, मग सहावी तिथंच किंवा तिसऱ्या गावात का नाही? घरच्या मैदानावरची गर्दी, तिकिटांचा गल्ला, आपल्या लोकांसमोर जिंकायची हौस, हे सगळं एका बाजूला, आणि नियमपुस्तकात 'अशी वेळ आली तर जागा बदलायचा अधिकार अमक्याचा' असं काही लिहिलेलं नसेल, की मग ज्याची घरची मॅच आहे तो आपला हक्क का सोडेल. क्यूबेकवाल्यांनी हट्ट धरला म्हणून त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, आपण त्यांच्या जागी असतो तर आपणही धरला असता. हक्क सोडायला लावणारा तिसरा माणूस आधीपासून नेमलेला लागतो, आणि त्याचं नाव सिरीज चालू होण्याआधी दोघांनी मान्य केलेलं लागतं.

दुसरं, आणि हे मला जास्त लागतं, सगळा राग पोरांवर निघाला. भांडण प्रांतांचं, भाषेचं, सरकारचं. लापोर्तना मारणारे वेगळे, मिलिटरी आणणारे वेगळे, आणि बटाटे कुणावर पडले तर ज्याला अजून मिशी नीट आली नाही त्याच्यावर.

गेल्या हंगामात एका स्पर्धेत मी पंच होतो. जत तालुक्यातला एक पोरगा रेडला आला, घरी कन्नड बोलणारा, आणि टच करून परत येताना त्याच्या टीममधल्या दोस्ताला कन्नडमध्ये काहीतरी ओरडला, बहुतेक 'डावीकडे बघ' असंच असेल. तेवढं पुरलं. कोपऱ्यातून एकाने सुरुवात केली, 'परत जा कर्नाटकात', मग दहा जण, मग सगळा कोपरा. पुढच्या रेडला त्या पोराचा दम मोडला, 'कबड्डी' म्हणताना आवाज मध्येच तुटला, मला द्यायला लागलं आऊट. मी मॅच थांबवली, माईक घेतला आणि सांगितलं की त्या कोपऱ्यातून परत आवाज आला तर मॅच इथंच बंद. आवाज थांबला. मॅच संपल्यावर तो पोरगा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, मी जतचाच हाय की. जत सांगलीतच हाय न्हवं?" मी म्हटलं, "हाय रे बाबा. आणि नसतं तरी काय?" त्याला ते कितपत पटलं माहीत नाही, तो बूट काढत बसला.

तर आपल्याकडे असं होत नाही हे कुणी मला सांगू नये. ६ डिसेंबर २०२२ ला बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले आणि लगेच एसटीने कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या. फेब्रुवारी २०२५ ला परत तेच, बसवर काळं फासणं, ड्रायव्हर-कंडक्टरला मारहाण, फेऱ्या बंद, दोन्हीकडून. मिरजेतून कागवाड किती लांब आहे? रोज माणसं दवाखान्याला, बाजाराला, लग्नाला येतात जातात, अर्ध्या घरांत तिकडची सून नाहीतर तिकडचा जावई. पण असं काही पेटलं की दोन-चार दिवस तरी सगळं बंद पडतं, आणि त्या दोन-चार दिवसांत आपली सेमीफायनल असली तर? अथणीची टीम टेम्पो ट्रॅव्हलरने येणार, गाडीचा नंबर केए ने सुरू होणार. आत चौदा पोरं. हा प्रश्न मीटिंगमध्ये कुणी विचारला नाही, म्हणून मी इथं विचारतोय.

जे म्हणतायत की मग बोलवूच नका, त्यांच्यासाठी पुढचं बघा. १९७१ नंतर कॅनडाने पूर्व-पश्चिम खेळणं सोडून दिलं नाही, क्यूबेकला वेगळं काढलं नाही. १९७२ पासून मेमोरियल कपची रचनाच बदलली. तीन लीगचे तीन विजेते, एकाच शहरात, राउंड रॉबिन, म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी मॅच, आणि मग फायनल. पहिलं वर्ष ओटावाला झालं, त्यात कॉर्नवॉल, पीटरबरो आणि एडमंटन, तिघांपैकी कुणाचंच ते गाव नाही. कॉर्नवॉल हे गाव ओंटारिओतलं पण टीम खेळायची क्यूबेकच्या लीगमधून, आणि तीच फायनलला पीटरबरोला २-१ ने हरवून जिंकली. आदल्या वर्षी ज्या गोष्टीवरून डियॉनला शिव्या बसल्या होत्या तीच गोष्ट उलट्या दिशेने, आणि कप उचलला. एकट्या १९७१ च्या राड्यामुळे रचना बदलली असं मी म्हणणार नाही, त्यामागे लीगच्या आपापसातल्या इतर भानगडी, प्रवासाचा खर्च, पश्चिमेकडच्या लीगशी चाललेला वाद, हे सगळं होतं. पण एका जागी, थोड्या दिवसांत स्पर्धा संपवायची याचा फायदा सुरक्षेच्या बाजूने किती आहे ते उघड आहे. बस एकदाच येते, एकदाच जाते.

पुढे १९८३ पासून यजमान टीमला थेट प्रवेश मिळायला लागला, म्हणजे घरच्या गर्दीचा गल्ला परत आणला, पण तोपर्यंत एकजागी स्पर्धा घ्यायची सवय बसली होती. हे पण आपल्यासाठी घेण्यासारखं आहे, कारण खजिनदार मला लगेच विचारणार की घरची टीम नसेल तर प्रेक्षक कुठून आणायचा. घरची टीम असू दे. फक्त सेमी आणि फायनलचं मैदान ड्रॉ पडायच्या आधी ठरलेलं पाहिजे, आणि घरच्या टीमची मॅच तापली तर ती मिरजेला किंवा इस्लामपूरला हलवायचा अधिकार एका माणसाकडे लेखी पाहिजे. तो माणूस कुठल्याच टीमचा नको, आणि मंडळाचा अध्यक्ष तर नकोच, कारण अध्यक्षाला दुसऱ्या दिवशी याच गावात तोंड दाखवायचं असतं, तो हलवणार नाही.

लाफ्लर आणि डियॉनचं पुढं काय झालं तेही सांगतो, कारण पोरं विचारतील. लाफ्लरने मॉन्ट्रियलकडून पाच स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलची चॅम्पियनशिप, जिंकले. डियॉनने एनएचएलमध्ये ७३१ गोल मारले आणि एकही स्टॅनले कप त्याच्या नशिबात आला नाही. दोघंही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. लाफ्लर एप्रिल २०२२ मध्ये गेले. मला वाटतं त्या दोघांची सहावी आणि जमलं असतं तर सातवी मॅच बघायला मिळायला पाहिजे होती, शांतपणे, कुठल्यातरी तिसऱ्या गावात. ज्युनियर खेळात पोरांच्या हातात एवढीच दोन-तीन वर्षं असतात. वीस ओलांडलं की संपलं, ती मॅच परत घेता येत नाही.

तर आता आपलं. मी एक कच्चा कागद केलाय. त्यात बाहेरून येणाऱ्या टीमला गाडी थेट मैदानाच्या मागच्या गेटपर्यंत, गेटवर पिशव्या तपासायला आपले चार कार्यकर्ते, पाण्याच्या बाटल्या आत न्यायला बंदी आणि आतमध्ये जार ठेवायचे, प्रेक्षक आणि ग्राउंडमध्ये दोरी लावून भागत नाही म्हणून बॅरिकेड, भाषेवरून किंवा गावावरून घोषणा आली तर पंचाने एकदा माईकवरून सांगायचं आणि दुसऱ्या वेळी मॅच रिकाम्या गॅलरीत, असं सगळं आहे. पोलीस स्टेशनला अर्ज पंधरा दिवस आधी. आणि अण्णांच्या मुद्द्यासाठी एक वेगळं कलम घातलंय: सुरक्षेच्या कारणाने टीम आली नाही तर तिला लगेच हरलेली धरायचं नाही, आधी ठिकाण बदलून मॅच द्यायची, आणि ती पण नाकारली तरच बाय. अण्णांनी ते वाचलंय, 'ठीक हाय' म्हणालेत, फक्त ठिकाण बदलायला किती तास द्यायचे ते लिही म्हणालेत. मी चोवीस लिहिलंय. खजिनदारांना बॅरिकेडच्या भाड्याचा आकडा जास्त वाटतोय, त्यावर बोलू.

अथणीच्या सरांचा दोनदा फोन येऊन गेलाय, टीम आणू का म्हणून. कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या की मीच त्यांना फोन करतो आणि कागद पण पाठवतो, पालकांना दाखवायला.